लॉन्ड्रीमावशीचा खांदा

आमच्या घरातल्या झाडून सगळ्या पोरांना पहिली आंघोळ लॉन्ड्रीमावशीने घातली, आणि अगदी परवापर्यंत त्यातल्या एकालाही तिचा लळा लागला नाही. मलाही नाही. ही तक्रार नव्हे. तिने ते ठरवून, मेहनत घेऊन तसं केलं होतं.

ती माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी तिचा जन्म गेला. घरात कुणाचे दिवस भरत आले की तिला निरोप जायचा. ती रजा टाकून, एक पिशवी घेऊन यायची, बाळ-बाळंतिणीचं सगळं करायची आणि घडी बसली की निघून जायची. आणखी चार दिवस राहा, असं तिला कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आम्ही माणसं तशी वाईट नाही, पण सोयीची माणसं आम्हाला सोयीपुरतीच आठवतात.

तिची एक रीत होती. बाळ घ्यायचं झालं की बाळंतिणीच्या अंगावरून उतरलेला गाऊन आधी आपल्या खांद्यावर टाकायचा, आणि मग त्यावर बाळाचं डोकं. तो गाऊन कुणी धुवायला टाकलेला तिला खपायचा नाही. जगाच्या कपड्यांचा वास घालवण्यात जिची हयात गेली, ती बाई एका पारोशा गाऊनवर डोळ्यांत तेल घालून राखण करायची. आम्ही हसायचो.

"बाळाला आधी नाक असतं," ती म्हणायची. "डोळे मागाहून येतात. त्याला आईचाच वास यायला हवा. माझ्या वासाची सवय झाली तर मी गेल्यावर रडेल ना ते."

आपण जाणार, हे तिने धरूनच ठेवलेलं असायचं.

धाकटीच्या, म्हणजे माझ्या लहान बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी आई हयात नव्हती. मी दिवसभर औषधाच्या दुकानात उभी, शिवाय तान्हं मूल हातात घ्यायचं म्हटलं की माझे हातपाय गळतात. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. जगाला वरखाली नेणारा हा गडी बायकोच्या नुसत्या कंबरदुखीने अधांतरी लटकला होता. मावशीला निरोप गेला. ती आली, पण या वेळी पिशवीऐवजी मोठी बॅग होती. मी ती उचलायला गेले आणि हात खांद्यातून निखळतो की काय असं झालं.

"लॉन्ड्री बंद झाली," ती मला जिन्यात हळूच म्हणाली. "मालकाने शटर ओढलं. धाकटीला आत्ता सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल."

वर धाकटीच्या नवऱ्याने अडगळीची खोली रिकामी करून खाट टाकली होती. खिडकीला पडदाही लावला होता, एका बाजूने लोंबणारा. "मावशी, ही खोली तुमची. आता इथून हलायचं नाही," असं तो म्हणाला.  संध्याकाळी मी पाहिलं, तर तिने बॅगेतले सगळे कपडे काढून फळीवर लावले होते. कुणाच्याही घरी ती कपडे पिशवीबाहेर ठेवत नसे. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाईला एकदाचं हक्काचं घर मिळालं.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. हॉस्पिटलात नर्स म्हणाली, आत एकच जण थांबेल. नवऱ्याने तो मान इतक्या चटकन मावशीला दिला की नर्सलाही हसू आलं. मी दाराशी होते. मावशीने दोन्ही तळहात धाकटीच्या कमरेखाली टेकवले आणि जाड कोटाची घडी बसवताना टाकते तसा सगळा भार त्यावर टाकला. कळ आली की भार, ओसरली की सैल. धाकटीने नवऱ्याचा उद्धार केला, मग डॉक्टरांचा, मग माझा. आम्ही संपल्यावर ती मावशीवर घसरली.

"तुला काय कळतंय? तुला झालंय का कधी मूल?"

मावशीचे हात जागचे हलले नाहीत. "नाही झालं," ती म्हणाली. "तू श्वास सोड."

मुलगा झाला. बाप लिफ्टच्या दाराशी उभा राहून ढसाढसा रडला. मायलेक घरी आली, मावशीच्या खांद्यावर गाऊन चढला, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका सकाळी धाकटीला हुडहुडी भरून ताप चढला. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. आत कुठेतरी जंतुसंसर्ग झाला होता. बाळाला घरीच ठेवा, म्हणाले.

बाटलीचं दूध आलं. मावशी गाऊन खांद्यावर टाकून बाळाला फिरवत राहिली. इथवर निभावलं असतं. पण धाकटीच्या नवऱ्याला हात बांधून बसवेना. घरात लॉन्ड्रीतली बाई पाहुणी आलेली आणि कोपऱ्यात पारोशा कपड्यांचा ढीग, याचीच त्याला लाज वाटली. मावशी बाळाला आंघोळ घालत असताना त्याने होता नव्हता तेवढा कपडा मशीनमध्ये कोंबला. दुप्पट पावडर घातली. खुर्चीच्या पाठीवरचा गाऊनही सोडला नाही.

मावशी गॅलरीत आली, दोरीवरच्या गाऊनला नाक लावलं आणि तशीच उभी राहिली. "छान धुतलात हो," एवढंच म्हणाली. बिचाऱ्याला ते कौतुकच वाटलं.

मी हॉस्पिटलातून धाकटीचा दुसरा गाऊन आणला, तर त्याला नुसता औषधांचा वास. बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तेव्हा घरात सगळं शांत होतं. मावशी खुर्चीत बसली होती, अंगात तिचा कोपरांवर रफू केलेला करडा स्वेटर, आणि तिच्या मानेत नाक खुपसून बाळ गाढ झोपलेलं. खांद्यावर काही नव्हतं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. घाबरलेला, आणि सुखावलेलाही.

"याला घे जरा," ती म्हणाली. मी भीत भीत हात पुढे केले. पण तिने बाळ काही दिलं नाही.

धाकटी बरी होऊन घरी आली ती काडीसारखी. कधी एकदा बाळाला घेते असं तिला झालं होतं. घेतलं, आणि बाळाने टाहो फोडला. मावशीकडे दिलं की गप्प. पुन्हा धाकटीकडे, की पुन्हा टाहो. दोन दिवस हेच. धाकटी मावशीला काही बोलली नाही. बोललीच नाही, ते जास्त वाईट. तिसऱ्या दिवशी तिने रडणारं बाळ मावशीच्या हातात ठेवलं, "घे. तुझंच आहे," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

हे ऐकायला एखादीने जीव टाकला असता. मावशीने बाळाला झोपवलं आणि खोलीत जाऊन फळीवरचे कपडे काढायला घेतले.

मी भांडले तिच्याशी. "तिकडे काय आहे तुझं? लॉन्ड्रीसुद्धा राहिली नाही."

"खोली आहे," ती म्हणाली. "मी या घरात आहे तोवर तो तिच्याकडे राहायचा नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय?"

धाकटीच्या नवऱ्याने हातापाया पडून पाहिलं. धाकटी जा म्हणाली नाही आणि राहाही म्हणाली नाही. मावशीने जाताना बाळाला हात लावला नाही, लांबूनच पाहिलं.

तिला पोचवायला मी गेले. तिची खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, हेही आमच्या घराला शोभणारंच. एक खाट, एक खुर्ची, कोपऱ्यात इस्त्री. कपही एकच, त्यातला चहा तिने मला दिला आणि स्वतः पेल्यातून प्यायली. बंद खोलीत गारठा साठला होता. तिने स्वेटरसाठी बॅग उघडली, मग उलटी केली.

"वरच ठेवला होता की," ती पुटपुटली, आणि खाटेवरची चादर खांद्यांवरून ओढून घेतली. ती तशी बसलेली बघून माझा पाय निघेना. पण निघाले.

परत आले तर धाकटी खुर्चीत बसलेली, अंगात करडा स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मानेत नाक खुपसून बाळ झोपलं होतं.

"ती आंघोळीला गेली तेव्हा बॅगेतून काढून घेतला," धाकटी म्हणाली. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "तिचीच युक्ती. ताई, मी काय बोलले गं तिला?"

पुढच्या आठवड्यात बाळ स्वेटर नसतानाही तिच्याकडे राहू लागलं. माझ्या समोरच तिने मावशीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मावशी, माझं चुकलं. तो राहतो आता माझ्याकडे. तुझी खाट हलवलेली नाही. परत ये."

"बघू," मावशी म्हणाली. असं बोलणं खरं धरायची तिला सवय नव्हती.

"ये गं, खरंच. आणि तुझा स्वेटर आहे इथे. पार मळलाय, दूध सांडलंय बाहीवर. धुऊन ठेवू?"

 मला वाटलं, आता गार पाणी, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, असं सगळं सुरू होईल. धाकटीने दोनदा हॅलो हॅलो केलं.

"नको धुऊस," मावशी म्हणाली. "माझा वास जाईल."