सव्वा किलोचा पापुद्रा

तिला सगळे स्क्रूबाई म्हणत. तोंडावर नाही, मागे. आणि मागेसुद्धा आजूबाजूला बघूनच, कारण बाई नाकावर माशी बसू देत नसे. एका बड्या सर्व्हिस सेंटरमध्ये अकरा वर्षं ती लॅपटॉप उघडत होती. एके दिवशी ती बोर्डवर वाकलेली असताना तिथल्या मॅनेजरने तिच्या कमरेवर हात ठेवला. बाईने समोरचा कीबोर्ड उचलला आणि त्याच्या थोबाडावर असा हाणला, की बटणं खोलीभर उडाली. मॅनेजरचा दात आणि बाईची नोकरी, दोन्ही त्याच दुपारी गेली. "एंटरचं बटण काही सापडलं नाही शेवटपर्यंत," असं ती पुढे हसत हसत सांगायची.

मग तिने पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारची खोली घेतली. एक टेबल, दोन स्टुलं, भिंग, चिमटे, हीट गन. काम फक्त ऑफिसवाल्यांच्या महागड्या, चपट्या लॅपटॉपांचं. त्यांना ती पापुद्रे म्हणायची, आणि त्यांच्यावर तिचा जीवही होता नि रागही.

"देखणं आहे हो," ती गिऱ्हाइकाला ऐकवायची. "सव्वा किलो वजन, धातूचं अंग, एका बोटाने झाकण उघडतं, दिवसभर चार्जरची आठवण नाही. समोरच्याची सही थेट स्क्रीनवर बोटाने घ्या. पण मेलं आजारी पडलं की औषधाला जागा ठेवत नाही. मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली, तारा जोडायला बाजूला भोकं दोनच. आणि टचची काच खालच्या पॅनेलशी एकजीव. केसाएवढी चीर गेली की अख्खं झाकण बदला!"

तिच्याकडे एक फॉर्म असे. शेवटचा रकाना 'कसं बिघडलं', आणि तो गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने भरायचा, नाहीतर बाई स्क्रूला हात लावत नसे. सगळे तिथे एकच शब्द लिहीत: पडला. बाई तो वाचून फुरफुरायची. पडलेला लॅपटॉप कोपऱ्यावर पडतो, कोपरा चेपतो, चीर तिथून निघते. स्क्रीनच्या मधोमध जाळं असेल तर मूठ. झाकणावर अर्धा गोल असेल तर बुटाची टाच. "भिंतीवर पडला का हो?" ती एखाद्याला विचारायची. "भिंत कधी आडवी झाली तुमची?" गिऱ्हाईक ओशाळून खाली बघायचं.

एका मंगळवारी दुपारी तिची धाकटी बहीण आली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, छातीशी नवऱ्याचा लॅपटॉप. हा नवरा कुठल्याशा कंपनीत मोठा विक्री अधिकारी होता. घरात त्याला सगळे साहेबच म्हणत.

"ताई, पाचपर्यंत दे ना ग. त्यांना उद्या मीटिंग आहे. ते येणारेत न्यायला. मलाही आणि ह्यालाही."

फॉर्मवर तिने लिहिलं: पडला.

बाईने लॅपटॉप चालू केला. काच तडकलेली, आणि त्या तड्यामुळे स्क्रीन स्वतःच स्वतःला टच करत होती. फायली आपोआप उघडत होत्या, मिटत होत्या, अंगात आल्यासारख्या. बाईने कोपरे बघितले. चारही कोरे करकरीत. पण लांब कडेच्या मधोमध, चार बोटं रुंद, धातू आत वाकला होता. काहीतरी गोल आणि टणक आडवं आल्याशिवाय असा वाक येत नाही. तिने बिजागरीत चिमटा घातला. दोन लांब केस निघाले, मुळाशी सुकलेलं रक्त.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पडला म्हणतेस? टेबलावरून?"

"हो ग."

"मग टेबलाखाली कोणाचं डोकं होतं?"

धाकटीने रुमालाची गाठ आणखी घट्ट केली. बाईने तिच्या डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. कानामागे दोन बोटं लांब जखम, कातडं सुटलेलं, केस रक्ताने चिकटून कडक झालेले.

"मिटलेला होता," धाकटी हळूच म्हणाली. "हलकाच आहे ना ग तो. एका हाताने उचलला. दुसऱ्या हातात माझे केस होते."

"ऊठ. पोलिसांत चल."

"नाही! मी काही सांगणार नाही. तू सांगितलंस तर मी म्हणेन, मी पडले. त्यांची नोकरी गेली तर घरात राग कोणावर काढतील, सांग ना?"

बाईला रडू फुटलं आणि त्या रडण्याचाही राग आला. आज पाचला ही त्याच्याबरोबर गेली, तर पुढच्या वेळी फॉर्म भरायला जिवंत राहणार नाही, हे तिला त्या वाकलेल्या धातूत स्पष्ट दिसत होतं.

साहेब साडेतीनलाच टपकला. अत्तराचा घमघमाट, तोंडावर हसू. "ताई, झालं का आमचं काम?" मग त्याला टेबलावरचा रुमाल दिसला आणि बायकोचं उघडं डोकं. हसू तसंच राहिलं. त्याने धाकटीचा दंड धरला.

"घरी चल."

आणि ती उठली हो! सवयीने उठली. त्याने दंड मागे पिरगाळला, खांद्यात काहीतरी कटकन वाजलं, धाकटी किंचाळली.

बाईने लॅपटॉप उचलला. पहिला घाव नाकावर. हाड मोडल्याचं तिला हातात कळलं. दुसरा कानावर. तिसरा त्याने तळहात पुढे करून अडवला, तेव्हा स्क्रीन फुटली आणि काचेच्या चिपा त्याच्या हातात घुसल्या. तो स्टुलावरून उलटा जाऊन आपटला, रक्ताच्या गुळण्या टाकत दाराकडे रांगायला लागला. बाईने बरगडीत लाथ घातली आणि चौथ्यासाठी हात वर नेला. धाकटी धडधाकट हाताने तिच्या दंडाला लोंबकळली.

"ताई, मरेल तो!"

"मरू दे मेल्याला!"

आरडाओरडा ऐकून झेरॉक्सवाल्याने पोलीस बोलावले. एक पोलीसबाई आणि एक शिपाई आले. नाकाला रुमाल लावून साहेब ओरडला, "हिने मारलं मला! आत टाका हिला!"

पोलीसबाईने धाकटीला विचारलं, "तुमच्यासमोर झालं ना? काय झालं?"

धाकटी क्षणभरही थांबली नाही. "पडले ते. स्टुलाला अडखळून पडले."

साहेबाने आ वासला.

"मीपण बघितलं," झेरॉक्सवाला दारातून म्हणाला, आणि त्याने कशाचाही पत्ता नसताना मान डोलावली. "पडलेच!"

बाई सुटली होती. नुसतं मूग गिळून बसायचं होतं. पण तिने बहिणीकडे बघितलं. आज हा पडला असेल, तर काल हीसुद्धा पडलीच. मग आता दोघं पडलेली माणसं हातात हात घालून घरी जाणार.

"खोटं बोलतेय ती," बाई म्हणाली. "पडला नाही. मी हाणला. तीनदा. घ्या लिहून."

"अहो, कळतंय का काय बोलताय? आत जाल."

"कळतंय. तीनदा लॅपटॉप आणि एक लाथ. लाथ विसरू नका."

"ताई, गप्प बस ना ग!" धाकटी हुंदके देत होती. "तुझ्यासाठीच बोलले ना मी!"

"माझं मी सांगितलं," बाईने मनगटं पुढे केली. "आता तुझं तू सांग. मी नाही सांगणार."

साहेबच पुढे सरकला, आवाज एकदम मऊ करून. "आपण घरी जाऊन बोलू. चल."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. मग ती स्टूल सरळ करून पोलीसबाईकडे पाठ करून बसली. एक हात वर जाईना, म्हणून दुसऱ्याच हाताने तिने कानामागचे केस बाजूला केले.

"हे काल सकाळचं, नऊ वाजता," ती म्हणाली. "त्याआधी चार तारखेला, पाठीवर. त्याआधीचंही सगळं पाठ आहे मला. तुम्ही बसून घ्या, वेळ लागेल."

शिपाई स्क्रूबाईला जिन्यावरून खाली घेऊन गेला, तेव्हा धाकटी मागच्या वर्षापर्यंत पोचली होती.