बेसवाल्याची ड्युटी

आमच्या यार्नच्या कारखान्यात वर्षभर काम केलं तर सांगण्यासारखे दोन किस्से मिळतात, आणि त्यातला एक कँटीनच्या डाळीचा असतो. पास्कल अंकलकडे मात्र एक शनिवार दुपार काढली की चार किस्से घेऊनच बाहेर पडायचं. विसरायच्या आत सांगतो.

पास्कल अंकल दमणचे. सिल्वासात नदीपलीकडच्या एका हॉटेलात तीस वर्षं ड्रम वाजवतायत. पियानोवर रोशन सर. काळा शर्ट हा बँडचा युनिफॉर्म. दोघांचा धंदाच जॅझ. त्यांचा बेस गिटारवाला क्रूझवर नोकरीला गेला आणि खुर्ची रिकामी झाली. ती मला हवी होती. कारखान्यात मी क्वालिटीला आहे, नाशिकचा आहे, आणि कॉलेजात तीन वर्षं बेस वाजवलाय. म्हणजे मला तेव्हा तसं वाटायचं.

* * *

पहिल्या दिवशी मी भाषणच ठोकलं. जॅझ म्हणजे बंड, जॅझ म्हणजे दबलेल्यांचा आवाज, जॅझ म्हणजे स्वातंत्र्य!

अंकलनी चहा संपवला. “झालं? आता हा एक सूर धर. मी थांब म्हणेपर्यंत सोडायचा नाय.”

अर्ध्या तासाने बोटं सोलवटली. मी विचारलं, “अंकल, यात स्वातंत्र्य कुठाय?”

“दीकरा, स्वातंत्र्य पियानोवाल्याला. आपली ड्युटी!”

* * *

माझ्यासोबत हेमंत पाटील यायचा, ड्रम शिकायला. धुळ्याचा, आमच्याच मेंटेनन्सचा. हात खणखणीत, पण नजर मेंटेनन्सची.

एका शनिवारी अंकल यायच्या आधी पठ्ठ्याने खिशातून पाना काढला आणि ड्रमसेटचा एकेक नट आवळला. झांजासुद्धा! अंकल आले, बसले, झांजेवर काठी मारली. आवाज आला ‘ठक्’. पातेल्यावर मारल्यासारखा.

“हे कोणी केलं?”

“मी, अंकल,” पाटील अभिमानाने म्हणाला. “लई खडखड करत होतं. काढली समदी.”

अंकलनी एकेक नट सैल करायला घेतला. “पाटील, ती खडखड विकूनच मी दोन पोरींची लग्नं केली रे!”

* * *

पाटीलला हसलो, पण माझी अक्कल त्याच्याहून वरची. अंकलच्या हॉटेलातल्या वाजवण्याचं मी रेकॉर्डिंग केलं, लॅपटॉपवर घातलं, प्रत्येक ठोक्याचं अंतर मोजलं आणि ग्राफ काढला. तीन ठिकाणी लय चक्क ढिली पडली होती. क्वालिटीचा माणूस गप्प कसा बसेल? मी प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवली. चुका लाल रंगात.

अंकलनी चष्मा लावला. रागावले नाहीत. पहिल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी रोशन सरांना विचारलं, “हे कुठलं?”

सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. “त्या दिवशी ती पाहुणी गायिका होती ना, बाळंतपणानंतर पहिल्यांदा गायला उभी राहिलेली? तिथे तिला दम लागला होता.”

“हां. मग थांबलो मी तिच्यासाठी.”

पुढचे दोन ठिपके मी विचारले नाहीत.

* * *

हॉटेलातल्या श्रोत्यांविषयी काय बोलावं! एकदा सुरतेचे एक काका दीड तास पहिल्या टेबलावर बसले होते. शेवटी उठून रोशन सरांकडे आले. “बँड सारो छे. पण गाणारा कधी येणार?”

हा बँड फक्त वाद्यं वाजवतो, एखादा पाहुणा सोडला तर गाणारा नसतोच, हे समजावायला मी तावातावाने उठलो. सरांनी मला डोळ्यांनीच बसवलं आणि म्हणाले, “वापीला ट्रॅफिकमध्ये अडकलाय.”

काका आइस्क्रीम संपेपर्यंत थांबले. जाताना म्हणाले, “आला की सांगा, आम्ही आलो होतो!”

* * *

सहा महिने झाल्यावर माझा धीर सुटला. तालमीत रोशन सर एक संथ गाणं वाजवत होते. मला वाटलं, आता दाखवूच! मी खालून वरपर्यंत बोटं पळवायला सुरुवात केली.

सरांनी हात उचलून मांडीवर ठेवले. अंकलनी काठ्या खाली ठेवल्या.

“थांबलात का?” मी विचारलं.

“तुझं चालू दे,” सर म्हणाले. “आम्ही मधे येत होतो.”

मग दोघंही चहा प्यायला गेले.

परत आल्यावर अंकल म्हणाले, “येत्या रविवारी दुपारी एका कंपनीचं जेवण आहे. तू वाजवायचं. जमलं तर खुर्ची तुझी. नाय जमलं तर बडोद्याचा एक मुलगा तयार आहे.”

* * *

कंपनी कुठली? आमचीच! डीलर मंडळींचं जेवण. आणि त्या रविवारी माझी शिफ्ट. आमचे प्लांट हेड सबनीस सर मर्तिकालाही अर्धी रजा देतात. भ्रष्टाचाराविरुद्ध कॉलेजात उपोषणाला बसलेल्या मी सकाळी फोन करून सांगितलं, “सर, जुलाब.”

दुपारी वाजवायला उभा राहिलो आणि पाहतो तर सबनीस सर सपत्नीक पहिल्या टेबलावर! माझ्यापासून चार फुटांवर. पळून जावं तर खुर्ची गेली, थांबावं तर नोकरी.

अंकलनी तोंडाने चार मोजले. मी अंकलच्या मोठा ड्रम वाजवणाऱ्या उजव्या पायाकडे बघत वाजवू लागलो. दोन तास मान वर केलीच नाही. मधे सबनीस सर फर्माईश करायला अंकलपाशी आले, तेव्हा हातातला ताकाचा ग्लास त्यांनी माझ्या ॲम्प्लिफायरवर ठेवला. बोलून झाल्यावर उचलला. मग मॅडमना घेऊन नाचले. डीलरही नाचले.

सोमवारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवतच आत गेलो.

“पोट कसंय आता? अरे, काल काय मिस केलंस! काय बँड होता! ड्रमवाले काका, तो पियानोवाला... वा!”

“आणि... बेस गिटार, सर?”

“बेस गिटार?” सर विचारात पडले. “नव्हती वाटतं. पण गंमत सांगू? दोन तास माझा पाय थांबेना!”

बाहेर येऊन मी अंकलना फोन लावला आणि सगळं शब्दशः सांगितलं. मग अंकल म्हणाले, “शनिवारी काळा शर्ट घालून ये.”