अण्णांची भिंत आणि माझं माहेर

बंगळूरला समुद्र नाही, याचा सगळ्यांत जास्त फायदा आमच्या अण्णांनी घेतला. अण्णा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी बदलीवर असताना त्यांनी माझ्या माहेरच्या शहरात समुद्राला भिंत बांधली आणि पुढे जन्मभर इथे बनशंकरीत बसून तिच्या बढाया मारल्या. मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी भिंत बघून आले, मग मला.

ती भिंत उंच करायचं काम नेमकं आमच्याच कंपनीकडे आलं. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत असलेच आराखडे करते. समुद्र चढलाय. उधाणाला पाणी भिंतीवरून रस्त्यावर येतं, आणि रस्त्यापलीकडचं पहिलं घर माझ्या आईचं. एकटी राहते. गॅसची शेगडी तिने विटांवर चढवलीय आणि वर मलाच सांगते, "काही नाही गं, आयते पाय धुतले जातात."

भिंतीच्या पायथ्याची वाळू लाटांनी ओढून नेलीय, पाया उघडा पडलाय. आधी समुद्राच्या बाजूने मोठे दगड टाकून तो सावरा, मग उंची वाढवा, एवढंच माझं म्हणणं होतं. नुसती वर भर घातली तर एखाद्या उधाणात सगळीच आडवी होईल.

"माझ्या भिंतीला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पाण्याखालचे फोटो तरी बघा."

"स्वल्प थांब. तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी तिथे उभा होतो."

फोटो बघितलेच नाहीत. आपला तो बाब्या, दुसरं काय!

पुढे आमच्या कंपनीतल्या साहेबांना भलतीच हौस आली. आराखडा तपासायला त्यांनी जुन्या जाणत्यांना बोलावलं, त्यात अण्णांना मानाने. सून आराखडा मांडणार, सासरे तपासणार, केवढं कौतुक! डोंबलाचं कौतुक. जे. पी. नगरच्या त्या बैठकीला अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याच गाडीतून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाया भक्कम आहे. वर भर घाला, दगडांची गरज नाही." साहेबांना हेच हवं होतं. दगड टाकायचे तर काम आणखी एक वर्ष लांबलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

येताना मी त्यांना गाडीत घेतलं नाही. या म्हटलं रिक्षाने. घरी नवरा म्हणाला, "अगं, म्हातारं माणूस, सोडून दे ना."

"तुझी आई राहते का तिथे?" मी म्हटलं. 

त्यानंतर अण्णांशी मी कामापुरतं बोलायचे. जेवायला या, गोळी घ्या, बस्स. तिकडे भिंतीवर भर पडली. एका रविवारी आम्ही जेवत असताना आईने ओहोटीच्या वेळी काढलेला भिंतीचा फोटो पाठवला. मी फोन अण्णांच्या ताटाशी ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि भिंतीचा खालचा भागच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पावसाळ्याआधी विहीणबाईंना इकडे आण. कायमचं."

"का? भक्कम आहे ना?"

ते आमटीत भात कालवत राहिले.

"आणि शेजारच्या घरांतल्यांना कुणी आणायचं, अण्णा?"

 मी तिथेच, त्यांच्यासमोर, आईला फोन लावला. सामान आवर, इकडे राहायला ये म्हटलं. आई हसायलाच लागली. "आता कशाला येऊ? आता तर बिनघोर झोपते मी. व्याह्यांनी स्वतः सांगितलंय ना, पाया भक्कम आहे म्हणून? सगळ्या आळीला सांगितलंय मी."

"घ्या," मी फोन त्यांच्यापुढे धरला. "आता तुम्हीच सांगा तिला."

उष्टा हात तसाच ठेवून अण्णांनी डाव्या हातात फोन घेतला. घसा खाकरला.

"नमस्कार विहीणबाई," ते म्हणाले. "हो, हो. भक्कमच आहे."