खालच्या घरातला तापट भाऊ

हे लिहायचं मी आयुष्यभर टाळलं. गेल्या महिन्यात हुलसूरहून बसवराजच्या मुलाचा फोन आला, "काका, अप्पा गेले," आणि टाळायला कारणच उरलं नाही...

हैदराबाद राज्य अजून मोडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मी जनवाड्याचा, तो हुलसूरचा. गुलबर्ग्याला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. शाळा उर्दूत झालेली, कॉलेजात सगळं इंग्रजीत. मूलद्रव्यांचा तक्ता काही केल्या डोक्यात शिरेना. बसवराजनं तो भावकीवरून सोडवला. "उभ्या रांगेतले समदे एका भावकीचे. सोडियमच्या खालच्या घरात पोटॅशियम. स्वभाव एकच, पन खालचा भाऊ जास्त तापट."

"म्हंजे आमच्या धाकट्या काकावानी?"

"व्हय. पन तुझ्या काकाला रॉकेलात बुडवून ठेवता येत न्हाई, लेका!"

हवा-पाण्याशी या दोन्ही धातूंचं पटत नाही, म्हणून ते रॉकेलात ठेवतात. प्रयोगशाळेतल्या त्या कपाटाची किल्ली रसायनाच्या सरांनी बसवराजकडे दिली होती. रॉकेल तेव्हा सहज मिळत नसे. परीक्षा जवळ आली तसा मी त्याच्या नकळत किल्ली घेऊन बरण्यांतलं रॉकेल माझ्या कंदिलात ओतत गेलो. धातू उघडे पडले. सोडियमवर पांढरं पुट चढलं, पोटॅशियमवर पिवळसर. वाटलं, खरवडलं की झालं. एकाच भावकीतले ना! खालचा जास्त तापट, हे मी हसण्यावारी नेलं होतं.

बसवराजनं प्रयोगासाठी त्या पोटॅशियमवर सुरी ठेवली, ते पिवळं पुट आतल्या धातूत दाबलं गेलं आणि तुकड्याचा स्फोट झाला. डोळे वाचले, पण उजव्या हाताची बोटं कायमची आखडली.

"रॉकेल कमी कसं झालं?" सरांनी विचारलं. बसवराजनं एकदा माझ्याकडे पाहिलं... "माझंच ध्यान नव्हतं, सर." मी गप्प राहिलो. पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला जायला सरांची शिफारस लागायची. ती त्याला मिळाली नाही. मला मिळाली.

तो गावी परतून मास्तर झाला. कुढत मात्र बसला नाही. शाळेच्या भिंतीवर त्यानं डाव्या हातानं तो तक्ता रंगवला, अंगणात चुन्यानं घरं आखली आणि एकेका घरात एकेक पोर उभं केलं. त्यातल्या कितीतरी मुली आज प्रयोगशाळा सांभाळतात.

मागे एकदा गेलो, तेव्हा पोटॅशियमच्या घरासाठी पोरांची भांडणं चालली होती. "मी तापट! मी!" मी नकळत उजव्या कडेला, कशातच न मिसळणाऱ्या वायूंच्या रांगेत जाऊन थांबलो.

बसवराज हसला. "तिथले कुनाशी बोलत न्हाईत, गड्या. कामून लपायलास? हिकडं ये."

गेलो. शब्द ओठापर्यंत आले होते, आणि घंटा झाली. पोरांनी त्याला गराडा घातला.

त्याच्या मातीहून परतताना शाळेत डोकावलो. पोरांचे हात लागून भिंतीवरचं पोटॅशियमचं घर पुसट झालं होतं; कुणीतरी ते नुकतंच पुन्हा रंगवलं होतं. रंग अजून ओला होता. त्याला हात न लावता उभा राहिलो...

बसवराज, रॉकेल मी नेलं होतं. मला माफ कर.