रिकाम्या टाकीतलं पिल्लू

नळाचं पाणी थेट टाकीत ओतून मी एका जातीचा शेवटचा मासा मारला. क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं... तेच विसरलो.

असल्या गूढ गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे असे अनुभव मी जेवताना हसायला म्हणून वाचायचो.

आमची लॅब शाहूपुरीत, पाण्याच्या पंपांच्या दुकानावर. वाळवंटातल्या झऱ्यांमधले, संपत आलेले मासे वाचवायचे, म्हणून त्यांचा जीनोम - म्हणजे सगळा डीएनए - वाचून ठेवायचं काम. ही मादी कच्छकडची, बोटाच्या पेराएवढी. तिचा झरा आटलेला, दुसरा मासा कुठंच सापडला नव्हता. जीनोम वाचून झाला होता, पण कॉम्प्युटरातला मासा पोहत नाही.

ती गेल्यावर टाकी ब्लीचनं धुतली, वाळवली, नवं पाणी भरलं. दुसरे मासे सोडण्याआधी लॅबच्या प्रमुख मॅडमनी पाणी तपासलं. माशाचा डीएनए पाण्यातही उतरतो ना... तर त्याच जातीचा सापडला!

"तूच जुना नमुना सांडला असशील की," माझ्याबरोबरचा टेक्निशियन संग्राम म्हणाला. मलाही तसंच वाटलं. मॅडमनी स्वतः पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तेच. आणि तो डीएनए त्या मादीचा नव्हताच. निम्मा जुळत होता - पिलाचा आईशी जुळावा तसा.

टाकीत बघावं तर नुसतं पाणी. तळाला वाळूसुद्धा नव्हती.

"कुणी हात लावू नका. वाट बघू," मॅडम म्हणाल्या.

मला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी त्या यायच्या आधीच मी सगळं पाणी मलमलच्या कापडातून गाळलं. पिल्लू शोधून त्यांच्या हातात द्यायचं, माफी मिळवायची - असा बेत. कापडावर काही म्हणजे काही आलं नाही. तेच पाणी परत ओतलं.

त्यानंतर एकाही नमुन्यात काही सापडलं नाही.

मी पाणी गाळल्याचं मॅडमना सांगितलं. त्या खुर्ची ओढून टाकीसमोर बसून राहिल्या... त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. त्या पाण्यात काय होतं, कुठून आलं, आजही कुणाला सांगता येत नाही. मी अजून जाता-येता टाकीत डोकावतो.

परवा संग्रामनं पाहिलं.

"काय बघाय लागलायस रं? आख्खी जात दोनदा संपवणारा पयलाच गडी हायस तू, मर्दा!"