आत फिरणारं काही नाही

जुन्या संगणकाला एक वास होता. तो सुरू करून पाच-दहा मिनिटं झाली की मागच्या जाळीतून तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि भाजलेल्या धुळीचा मिळून एक उबदार दर्प यायचा, नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यांना येतो तसा, आणि हिवाळ्यातल्या सकाळी त्या जाळीपाशी बोटं शेकत मी कॉलेजच्या नोट्स टाइप केल्या आहेत. सीडीचा कप्पा घरघरत बाहेर यायचा, खट्कन आत जायचा, आणि आतली सीडी वेग घेऊ लागली की टेबलावरचा स्टीलचा पेला बारीक थरथरायचा. कामरगावच्या आमच्या घरात त्या यंत्राइतकं कुरकुरणारं दुसरं कोणी नव्हतं. माझा नंबर त्याच्यानंतरचा.

संगणक माझ्या थोरल्या भावाचा होता. दादा जीपवर भोंगा बांधून गावोगाव जाहिराती करायचा. कबड्डीचे सामने, बियाण्याच्या दुकानाचं उद्घाटन, पोलिओचा डोस, चौदा एप्रिलची मिरवणूक, कुणाची दावं तोडून गेलेली म्हैस, या सगळ्याची खबर आमच्या भागातल्या माणसांना त्याच्याच तोंडून कळायची. सुरुवातीला तो दिवसभर माइकवर ओरडत हिंडे आणि संध्याकाळी घसा बसून घरी येई. मग कुणीतरी त्याला घरी रेकॉर्ड करून सीडी बनवायची युक्ती दाखवली. आमच्या घराला पत्रे, अंगणात कोंबड्या, शेजारी हापसा. शांतता आणायची कुठून? म्हणून दादा भर चैत्रातल्या दुपारी खाटेवर बसून, डोक्यावरून जाड गोधडी पांघरून, आत माइक धरून बोलायचा. नवी नवरी असलेली वहिनी बाहेरून सुपाने वारा घालायची, पण तो गोधडीच्या आत कसा पोचणार! त्या अंधाऱ्या, घामट गुहेतून ‘तमाम बंधू-भगिनींनो’ अशी धीरगंभीर, संस्कृतप्रचुर मराठी बाहेर येत राही, आणि गोधडी बाजूला सारून लालबुंद चेहऱ्याचा दादा म्हणे, “पाणी दे वं.” त्याचे हे दोन आवाज एकाच गळ्यातून कसे निघतात याचं मला नवल वाटे. नवल वाटे म्हणजे, आता वाटतं. तेव्हा त्याची जीप घरावरून जाऊ लागली की मी अभ्यासाच्या नावाखाली खिडकी लावून घ्यायचे.

मी एम.ए.ला असताना काविळीचं निमित्त झालं आणि दादा गेला. त्याची मुलगी सुजाता तेव्हा सात महिन्यांची होती. मागे उरल्या त्या बावीस सीड्या, प्रत्येकीवर मार्करने त्याच्या वळणदार अक्षरात गावाचं आणि कार्यक्रमाचं नाव. संगणकातल्या मूळ फायली तो जागा करण्यासाठी लगेच पुसून टाकायचा, म्हणून आवाज होता तो एवढाच. त्यात बायकोसाठी एक शब्द नव्हता, लेकीसाठी एक हाक नव्हती. होते ते सामने आणि म्हशी. फक्त एका सीडीत, रिठदच्या कुठल्याशा मेळाव्याची तारीख चुकून बोलल्यावर, “अरे, चुकलं,” असं तो स्वतःशी पुटपुटला होता आणि ते कापायचं राहून गेलं होतं. माझ्या लेखी तेवढाच खरा दादा.

वहिनीने त्या कधी ऐकल्या नाहीत. एकदा मी एक लावली तेव्हा ती उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. सुजाताच्या बाबतीत तिचं म्हणणं असं, की पोरीला थोडं समजू लागू द्या, नाहीतर ती त्या यंत्रालाच बाप समजून बसेल. मला ते पटलं. सीड्या माझ्याकडे राहिल्या, आणि मला वाशीमला कॉलेजात नोकरी लागल्यावर संगणकासकट माझ्याबरोबर आल्या.

पुढे यथावकाश माझा खांदा दुखू लागला. मानोऱ्याच्या एका कॉलेजात आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जावं लागे. एसटीत जागा मिळेल तिथे बसायचं, नाहीतर उभं राहायचं, आणि खांद्याला माझा तेव्हाचा पहिलावहिला जाडजूड लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, पुस्तकं, डबा. डॉक्टर म्हणाले ओझं कमी करा. ओझं कमी करा, हे वाक्य वयाच्या पस्तिशीत बाईला किती गोड वाटतं ते त्यांना ठाऊक नसावं. दुकानदाराने माझ्यासमोर एक राखाडी, वहीएवढा पातळ लॅपटॉप ठेवला. मी तो दोन बोटांनी उचलून पाहिला आणि विरघळलेच. मी विचारलं, सीडी कुठून घालायची? तो माझ्या अज्ञानाची कीव करीत हसला आणि म्हणाला, “मॅडम, सीडी आता कोण वापरते? याच्यात फिरणारं काहीच नाही. फिरणारंच नाही तं बिघडणार काय?”

त्या युक्तिवादावर मी भाळले. खरं सांगायचं तर पुढची चार वर्षं त्या यंत्राने मला तक्रारीला जागाच दिली नाही. झाकण उघडावं तोवर पडदा उजळे, पंख्याची घरघर नाही, ऊब नाही, वासही नाही. मांडीवर ठेवला तरी तिथे काही आहे याची आठवण राहू नये इतका तो निमूट होता. जागा मात्र बेताची होती, एक ठेवायला गेलं की दुसरं काढावं लागे, आणि उघडून आत काही वाढवावं म्हटलं तर तळाला साधा स्क्रूही दिसत नव्हता. पण हलकेपणासाठी माणूस काय काय सोडून द्यायला तयार होतं, आणि तेही आनंदाने! मी तर सोडलेलं मोजलंही नाही.

जुना संगणक भंगारात देण्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बावीसच्या बावीस सीड्या त्याच्यात घालून, एकेक करून नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. आठवडाभर घरात तो कप्पा आत-बाहेर करीत होता आणि मधूनमधून दादा कुठल्यातरी गावाला निमंत्रण देत होता. काम संपलं तेव्हा एखादं मोठं कर्तव्य पार पाडल्यासारखं वाटलं. पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत काढून ठेवायची हे मी त्यानंतर इतक्या वेळा ठरवलं, की ती ठेवलीच आहे असं मला वाटू लागलं.

त्याच सुट्टीत वहिनी दोन दिवस आली होती. घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती ती ज्वारी पेरते. आजूबाजूला सगळं सोयाबीन, तूर आणि हरभरा असल्यामुळे पंचक्रोशीतली पाखरं तिच्या त्या एकट्या तुकड्यावर येऊन पडतात. कोणी तरी शेतात सुतळीला चकचकीत सीड्या बांधल्या होत्या आणि पाखरं फिरकली नव्हती, असं ती सांगत होती. मी लगेच कपाटातून ती चळत काढून तिच्यापुढे ठेवली.

“ताई, याच्यात त्याह्यचा आवाज आहे ना?” तिने विचारलं.

“आवाज इकडे आला,” मी लॅपटॉपवर टिचकी मारून म्हणाले, “ही आता रिकामी ताटं.”

हे खोटं आहे हे मला माहीत होतं. प्रत काढल्याने मूळ रिकामं होत नाही एवढं मला कळतं; तिच्या मनावरचं दडपण जावं म्हणून मी तसं म्हणाले. पण शिकलेल्या नणंदेचा शब्द तिने शब्दशः धरला, सीड्या पदरात घेतल्या आणि गेली. मलाही, घरातली अडगळ शेताच्या कामी आली म्हणून, उगीच आपण फार सुज्ञ असल्यासारखं वाटलं.

त्या पौषात मी कामरगावला गेले तेव्हा ते शेत पाहिलं. दाण्यात नुकतं दूध भरत होतं, वाऱ्यावर पोपटी, किंचित आंबूस वास होता, आणि कणसांच्या वर उन्हाचे तुकडे गरगरत होते. मधल्या भोकात सुतळी घातली की सीडी नीट फिरत नाही म्हणून वहिनीने तापल्या खिळ्याने प्रत्येकीच्या कडेला दुसरं भोक पाडलं होतं. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी मोबाइलवर फोटोसुद्धा काढले.

मग मागच्या वर्षी सुजाता दहावी झाली आणि अकरावीसाठी वाशीमला माझ्याकडे राहायला आली. दिवाळी आटोपून गावाहून परतली त्या दिवशी तिने दप्तर ठेवता ठेवता सांगितलं, की कामरगावच्या बाजारात एका म्हाताऱ्या भाजीवाल्याने तिचं आडनाव विचारलं आणि तो म्हणाला, “तुह्या बापाचा आवाज आला का आमी वखर थांबवून आयकत जावो.” हे ती हसत सांगत होती, पण हसू पुरलं नाही. “आत्या, सगळ्या तालुक्यानं बाबाले आयकलं,” ती म्हणाली, “मीच नाही आयकलं. मले आयकाचं आहे.”

तिला समजू लागलं होतं. मी वहिनीला फोन केला. वहिनी म्हणाली, द्या ऐकू. रविवारी सकाळी दोघी बसू असं ठरलं, कारण त्या आठवड्यात माझ्याकडे पेपर तपासायचे होते. शनिवारी दुपारपर्यंत लॅपटॉपवर मी गुण भरले आणि झाकण मिटलं. रविवारी ते उघडलं तेव्हा पडदा काळाच राहिला. जुना संगणक मरणार होता तेव्हा महिनाभर आधीपासून किरकिरत होता, कण्हत होता, मधूनच बंद पडून आम्हाला सावध करीत होता. याने काही म्हणजे काही कळवलं नाही. सुजाता शेजारी, केस विंचरून, ओढणी नीट करून बसली होती.

अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं आतडं दिसलं, आणि दाखवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तळहातापेक्षा थोडी मोठी एक हिरवी पट्टी आणि बाकी बॅटरी. “काढाले काही नाही मॅडम,” तो म्हणाला, “मेमरी बोर्डालेच डकवलेली राह्यते. चिप गेली म्हणजे सगळं गेलं. जुनी हार्डडिस्क असती तं मी काही तरी केलं असतं.” मी नागपूरलाही पाठवून पाहिलं. तिथूनही तेच उत्तर आलं, फक्त छापील.

राहिलं होतं ते शेत. मी यूएसबीने जोडायचं सीडी ड्राइव्ह विकत घेतलं, कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचा लॅपटॉप मागून आणला आणि सुजाताला घेऊन कामरगाव गाठलं. ज्वारी उभी होती. वहिनीने काही न विचारता सुतळ्या कापल्या आणि सीड्या घमेल्यात घालून आणल्या. चार हंगामांचं ऊन, आणि मधल्या काळात गोठ्यातल्या पोत्यांखालचा मुक्काम. दादाचं अक्षर कुठेच राहिलं नव्हतं. चंदेरी थर भाजल्या अंगाच्या सालीसारखा सुटत होता, त्यातून पलीकडचं दिसत होतं, आणि कडेच्या त्या भोकापासून मध्यापर्यंत बारीक तडे गेले होते. फिरणारं काही नको म्हणून मी जे टाळलं होतं ते यंत्र आता माझ्यासमोर बाजेवर गरगरत होतं, थांबत होतं, पुन्हा गरगरत होतं. वहिनी ओल्या फडक्याने एकेक पुसून देत होती, सुजाता घालत होती. सोळा त्यातल्या त्यात धड होत्या, त्या घालून पाहिल्या. सोळाही वाचल्या गेल्या नाहीत.

“म्या भोक पाडाले नव्हतं पाह्यजे,” वहिनी म्हणाली. मी तिला सांगायला हवं होतं की चूक तुझी नाही, ती रिकामी ताटं मी म्हटलं म्हणून रिकामी झाली. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच बसलं. मला लाज वाटत होती, आणि मला अजूनही वाटते.

थोड्या वेळाने तिने घमेलं उचललं. “मंग ताई, ह्या बांधू का परत? पाखरं उतरली असतीन.” मी मान डोलावली. ती शेताकडे गेली.

सुजाता बाजेवर पाय दुमडून बसली होती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. “सांग तं मंग,” ती म्हणाली, “कसा बोले बाबा?” मी म्हणाले, जाड होता आवाज, थोडा घोगरा. “कोनासारखा?” मी ओळखीचे सगळे पुरुष मनातल्या मनात बोलवून पाहिले आणि एकेकाला परत पाठवलं. मग डोळे मिटून आठवू लागले. शब्द सगळे आले, कुठे थांबायचा ते आलं, गावांची नावं घेताना शेवटचं अक्षर कसं लांबवायचा तेही आलं. आवाज आला नाही. आठवडाभर कप्पा आत-बाहेर करताना मी फक्त फायली मोजत होते, हे त्या क्षणी मला कळलं.

ती वाट पाहत होती. काहीतरी द्यायला हवं म्हणून मी सुरुवात केली: कामरगाव आणि पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींनो. सामन्यांचं ठिकाण, वेळ, प्रवेश विनामूल्य, लहानथोरांनी अगत्य यावं, सगळं म्हटलं, त्याच्या थांब्यांसकट, घोगरेपणा आणायचा प्रयत्न करीत. तिने शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग उघडले, आणि जराही न रागावता म्हणाली, “हा तं तुहाच आवाज आहे, आत्या.”

पुन्हा म्हणू का, असं मी विचारलं. तिने मान डोलावली आणि परत डोळे मिटून घेतले. आता कुठल्या आवाजात सुरुवात करावी ते न कळून मी तिच्यासमोर नुसतीच बसून राहिले.