तिच्या नावावर छापलेलं कौतुक

माझी थोरली बहीण संगीत नाटकांत नायिकेची कामं करायची. मुलुंडच्या एका नाट्यसंस्थेत. संगीत नाटकांचे दिवस तेव्हाच सरत आले होते, पण उपनगरात अजून जुनी पदं ऐकायला लोक जमायचे आणि ताईच्या नावावर तिकिटं खपायची.

आम्ही नाहूरला राहायचो. बाबा मालवणकडचे, गिरणीत कामाला आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटीवर. आम्हा दोघींना त्यांनीच शिकवलं, शेजारी शेजारी बसवून. मग गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि बाबा घरी बसले. कोणीतरी कामाला लागणं भाग होतं. ताई नाटकात नुकती रुळली होती, म्हणून मी लागले. मुलुंडलाच औषधांचा कारखाना होता, तिथल्या पॅकिंग खात्यात. घरात कोणी बसून तसं ठरवलं नव्हतं. ही गाते, ती कमावेल, असं आपोआप झालं. मला तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही. पहिली पाळी सुटली की मी तशीच तालमीला जायची आणि ताईच्या मागे तानपुरा धरून बसायची. प्रयोगाला विंगेत बसायची. त्यामुळे तिची सगळी पदं आणि सगळे संवाद मला पाठ झाले होते.

एका रविवारी दुपारचा प्रयोग होता. सकाळी ताई उठली ती आवाज बसलेलाच घेऊन. ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या, वाफारा झाला. घशातून नुसती हवा. तिला घेऊन मी थिएटरवर गेले, तर मॅनेजर डोक्याला हात लावून बसले.

"प्रयोग रद्द करा," ताई कुजबुजली.

"वाट लागेल. हाऊसफुल्ल आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिला पाठ आहे ना सगळं?"

मी म्हटलं, "मी करीन. पण आधी माईकवर सांगा, माझ्या नावाने."

"वेडी आहेस का तू? नाव सांगितलं तर अर्धं पब्लिक तिकीट परत मागायला येईल. दोघी सारख्या दिसता. विग लागला, रंग लागला, शालू नेसलीस, की कोणाला कळतंय? आजच्या दिवस निभावून ने."

आजच्याच दिवसाचा तर प्रश्न होता. मी हो म्हटलं.

मला तयार ताईनेच केलं. नथ घालताना "पडू नकोस म्हणजे झालं," एवढंच म्हणाली. मग ती माझ्या जागी विंगेत तानपुरा घेऊन बसली.

पहिला अंक मी नुसता घाबरून काढला. दुसऱ्या अंकात नायिकेचं विरहाचं पद होतं. ताई ते चढ्या लयीत म्हणायची, शेवटी ताना घ्यायची आणि टाळ्या घ्यायची. तसं म्हणायला माझ्याकडे दम नव्हता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, शालूचं ओझं, त्यात भीती. मी लय खाली घेतली. तबलजीने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मग मुकाट सोबत आला. ताना मी सोडूनच दिल्या. अंतऱ्यात एका ठिकाणी श्वास पुरला नाही आणि मी शब्द अर्धा ठेवून थांबले. सगळं नाट्यगृह थांबलं. आता हसतील, असं वाटलं. मी श्वास घेतला, उरलेला शब्द म्हटला आणि समेवर आले. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मागच्या रांगांतून सुरू झाले, "वन्स मोअर!"

त्या क्षणाचं सुख मी नाकारत नाही. असं सुख मला पुढे कधी मिळालं नाही.

रंग पुसताना ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लय ताणलीस गं उगाच. पद पार झोपवलंस."

मला ते पटलं होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते.

त्या दुपारी एका मोठ्या दैनिकाचे समीक्षक प्रेक्षकांत बसले होते, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. मॅनेजर सकाळीच पेपर नाचवत घरी आले. ताईचा फोटो आणि त्याखाली दोन कॉलम भरून परीक्षण.

मॅनेजर मोठ्याने वाचत होते आणि मी चहा ठेवता ठेवता ऐकत होते. ताईचं नाव घेऊन समीक्षकांनी लिहिलं होतं की या गायिकेचे आधीचे प्रयोग त्यांनी पाहिले आहेत आणि ते निव्वळ टाळ्यांसाठी गायलेले होते. गळा तयार, पण आत कोणी नाही. या प्रयोगात मात्र ती पहिल्यांदा भूमिकेसाठी गायली. दुसऱ्या अंकातल्या पदात तिने तानांचा मोह टाळला, लय उतरवली, आणि अर्ध्या शब्दावर घेतलेला तो विराम तर थोर कलावंताचा होता.

विराम! मला दम लागला होता हो.

मॅनेजर गेल्यावर ताईने पेपर घेऊन उभ्याउभ्या परत वाचला. मग गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढले, झटकले, आणि पुन्हा तिथेच वाळत घातले.

मी आईला म्हटलं, "त्या साहेबांना कळवायला पाहिजे. ती मी होते."

आई म्हणाली, "आता तेंका सांगान काय मिळतला तुका? तिचा नाव झाला. घरचाच नाव मा ता? आणि तिचा लगीन होवचा आसा, इसरू नको."

बाबांकडे बघितलं. "तुका ठावक आसा, माका ठावक आसा," ते म्हणाले. "बास झाला."

मला बास झालं नव्हतं. पण त्या घरात संपापासून बाबांचा आवाज इतका खाली गेला होता की त्यांच्याशी वाद घालवेना. बिल्डिंगमधले लोक अभिनंदनाला येत राहिले. मी त्यांना चहा देत राहिले. "बहीण काय गाते गं तुझी! तू पण शीक की तिच्याकडून," शेजारच्या काकू म्हणाल्या. संस्थेने परीक्षणातली ती वाक्यं उचलून जाहिरातीत टाकली.

पुढच्या प्रयोगाआधी ताई माझ्याजवळ आली. तिचा आवाज परत आला होता. घरात कोणी नव्हतं.

"ते पद म्हणून दाखव."

"कशाला?"

"तू तिथे कशी थांबलीस ते बघायचंय."

"थांबले नाही गं मी. दम संपला माझा."

"असू दे ना. म्हण."

मी म्हटलं. तिने ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून बघितलं. ती हुशार होती. गाण्यात तरी मी तिला कधी कमी लेखणार नाही. तिने लय उतरवली, ताना टाकल्या, आणि तो अर्धा शब्द असा ठेवला की ऐकणाऱ्याला वाटावं, आयुष्यभर विचार करून ठेवलाय. वर्षभरात त्या जागेला लोक दाद द्यायला लागले. दुसऱ्या पेपरांनीही लिहिलं. तिच्या प्रत्येक प्रयोगाला मी विंगेत तानपुरा धरून माझीच धाप ऐकत बसायची.

शेवटी मी तानपुरा सोडला. कारखान्यातल्या पाळीचं कारण सांगितलं. मॅनेजरना आधी एकदा विचारून बघितलं होतं, मला एखादी भूमिका द्या म्हणून. ते म्हणाले, "एका नाटक कंपनीत एका घरातल्या दोन नायिका चालत नाहीत गं. आणि तुझा आवाजही तिच्यासारखाच."

मग घाटकोपरच्या एका लहानशा संस्थेत मला काम मिळालं. नाटक वेगळं, भूमिका वेगळी. एका शाळेच्या सभागृहात प्रयोग व्हायचे, मागे वर्गातले बाक रचून ठेवलेले असायचे. तिथे मी माझ्या नावाने गायले. बाबा पहिल्या प्रयोगाला आले होते. "बरा झाला," एवढंच म्हणाले, पण घरी जाताना सगळ्या रस्त्याने माझं एक पद गुणगुणत होते.

तेच समीक्षक त्या नाटकालाही आले. या वेळी कॉलम नव्हते, मजकुराच्या शेवटी चार-पाच ओळी होत्या. नवोदित गायिका आपल्या थोर भगिनीची सहीसही नक्कल करते. तीच उतरलेली लय, तेच शब्द मध्ये सोडणं. नक्कल कितीही बेमालूम असली तरी ती नक्कलच. तिने स्वतःचा आवाज शोधावा.

मी ते कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचलं. समोरची बाई विचारत होती, काय आलंय गं, दाखव ना. मी पेपरावर डबा ठेवला.

काही दिवसांनी घाटकोपरला त्यांचं व्याख्यान होतं. मी गेले. व्याख्यान संपल्यावर ते खांद्याला पिशवी लावून जिन्याने उतरत होते, तिथे त्यांना गाठलं. माणूस सभ्य होता. थांबले.

"सर, मुलुंडच्या ज्या प्रयोगावर तुम्ही एवढं लिहिलंत, त्यात ताईचा आवाज बसला होता. तिच्या जागी मी गायले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू त्यांची धाकटी बहीण ना?"

"हो. मॅनेजरांनी माझं नाव जाहीर केलं नाही. तबलजींना विचारा तुम्ही."

"बाळ," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "माझं सगळं आयुष्य नाटक ऐकण्यात गेलं. आवाज ओळखण्यात माझी चूक होईल, असं वाटतं तुला?"

"झालीये सर."

"माझं परीक्षण लागलंय तुला, ते मी समजू शकतो. पण मोठ्या बहिणीबद्दल असं बोलू नये. असूया गळ्यात उतरते. जप."

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते उतरून गेले. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

ताईचं तोवर लग्न झालं होतं, ती बोरिवलीला राहायची. तिथून तशीच मी तिच्याकडे गेले. ती भाजी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान ती तरी म्हणेल, चल, मी सांगते त्यांना.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "पेपरात छापून आणू, की ती मी नव्हेच?"

"तुला काहीच वाटत नाही?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मला काय वाटतं ते तू कधी विचारलंस? तुला वाटतं ते परीक्षण मला आवडलं? त्याने माझ्या आधीच्या सगळ्या प्रयोगांची माती केली त्यात. आत कोणी नाही म्हणे! आणि ज्या दिवशी मी गायलेच नाही, त्या दिवशी मी मोठी गायिका झाले. घरात सगळे पेढे खात होते. मी कोणाला सांगणार होते?"

"मला सांगायचंस."

"तुला? तू तर रोज विंगेत बसून माझ्याकडे अशी बघायचीस, की मी तुझं काही चोरलंय."

"चोरलंसच ना तू."

ताईने जुडी पुन्हा हातात घेतली. तिने चहाचंही विचारलं नाही. मी चपला घातल्या.

त्यानंतर तिने ते पद नाटकातून काढायला लावलं. नाटक लांबतंय, असं कारण दिलं. समीक्षकांनी त्याबद्दल हळहळ छापली. घाटकोपरची आमची संस्था पुढच्याच वर्षी बंद पडली आणि मी दुसरी शोधली नाही. मुलुंडचे प्रयोगही हळूहळू कमी होत थांबले.

आता ताई गणपतीला येते, दिवाळीला माझ्या मुलांसाठी काहीबाही पाठवते. फोनवर आम्ही तिचे गुडघे, माझं पित्त, पाण्याची बोंब, सगळं बोलतो. गाण्याचा विषय निघाला की तिच्याकडे दारावर कोणीतरी येतं, किंवा माझ्याकडे कुकरची शिट्टी होते.